यादीतली मार्चची तारीख

हे मी अजून कुणापुढे उच्चारलेलं नाही. बाबांपुढे नाही, मैत्रिणीपुढे नाही. पोलिसांना मी जबाब दिला होता — हिंदीत, सही करून — आणि त्यातलं एकेक वाक्य खरं होतं. जे खोटं होतं ते त्यांनी विचारलंच नाही. कुठून सुरू करू? मारहाणीपासून करते. ते सोपं आहे — तिथे हात दुसऱ्याचा होता.

लखनौच्या जानकीपुरममध्ये नोकरी करणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह आहे. जूनची दुपार होती. तिथल्या वॉर्डन शुक्ला आंटींना आमच्या सॉफ्टवेअरचा नवा भाग शिकवायला मी गेले होते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. बाबा फौजेत स्वयंपाकी होते, निवृत्त झाल्यावर साताऱ्याला न परतता लखनौलाच राहिले. आमची कंपनी वसतिगृहांसाठी सॉफ्टवेअर करायची — कोण कुठल्या खोलीत राहतं, कुणाचा फोन नंबर काय, कोण कधी बाहेर जातं, सगळं त्यात.

तो माणूस आत शिरला तेव्हा त्याच्या हातात टायर खोलायची लोखंडी टॉमी होती. त्याने कुणाला काही विचारलं नाही. सरळ अकरा नंबरच्या दाराला लाथ मारली. आत सीमा झोपली होती — नर्स, रात्रपाळी करून आलेली. तो तिचा नवरा, मलिहाबादचा, आंब्यांची पिकअप चालवणारा. त्याच्यापासूनच ती पळून आली होती.

पहिला घाव जबड्यावर. आवाज फार मोठा नव्हता — ओल्या कापडात बांधलेलं काहीतरी फरशीवर पडावं, तसा. दुसरा कानावर. तिसऱ्याच्या आत आंटी मध्ये पडल्या. साठीला आलेली बाई, हात वर केला, आणि तो हात कोपराखाली नको तिथे वाकला. त्याने त्याच हातावर आणखी दोनदा मारलं — रागाने नाही, वाटेत आला म्हणून. मग पुन्हा सीमाकडे वळला. रस्त्यावरची माणसं धावत येईपर्यंत तो मारत होता.

आणि मी? टेबलामागे. माझ्या हाताशी पाण्याचा स्टीलचा जग होता. फेकता आला असता. मी तो छातीशी धरून बसले.

पण हे सांगायला मी बसलेले नाही. तुम्हाला वाटलं असेल, हेच — नाही. भीती वाटणं वेगळं.

आमच्या करारात एक कलम होतं. ग्राहकाची माहिती आम्ही आणखी कुठल्या कंपनीच्या हाती देणार असू, तर तिचं नाव तीस दिवस आधी वेबसाइटवरच्या यादीत टाकायचं. ग्राहकाला नको असेल तर तो नाही म्हणू शकतो. ती यादी सांभाळणं माझं काम. ती कुणी वाचत नसे. फक्त शुक्ला आंटी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती उघडून एकेक नाव वहीत उतरवून घ्यायच्या. ‘हमारे यहाँ छुपकर रहने वाली लड़कियाँ हैं, बेटा. तुम लोग इनका नाम कहाँ-कहाँ बाँटते हो, मुझे तो पता रहे.’ एकदा यादीतल्या, मेसेज पाठवणाऱ्या एका कंपनीबद्दल त्यांनी मला तीनदा फोन केला. ऑफिसात आम्ही हसलो होतो. ‘तेरी आंटी सीबीआई में थी क्या,’ असं शेजारच्या मुलाने विचारलं, आणि मी सगळ्यात जास्त हसले.

मार्चमध्ये कंपनीने मुलींच्या तक्रारी फोनवरून विचारायचं काम चिनहटच्या एका छोट्या कॉल सेंटरला दिलं. यादीत नाव टाकू का, मी ऑफिसातल्या सरांना विचारलं. ‘अरे यार, पहले काम तो चालू होने दो.’ काम चालू झालं. मी पुन्हा विचारलं नाही. एप्रिल, मे, जून — तीन सोमवार आंटींनी वहीत लिहिलं, ‘कोई नया नाम नहीं’.

त्या कॉल सेंटरमध्ये सीमाच्या नवऱ्याचा चुलतभाऊ बसत होता. त्याने स्क्रीनचा फोटो काढला. नाव, वसतिगृह, खोली अकरा. लोकांनी पकडल्यावर नवऱ्यानेच हे सांगितलं.

मारहाणीच्या संध्याकाळी मी ऑफिसात परतले. सलवारीवरचं रक्त सुकून गुडघ्याला चिकटलं होतं. सरांनी एवढंच विचारलं, ‘लिस्ट में वो लोग हैं ना?’ कदाचित ते खरंच विसरले असतील. नाही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, ‘हाँ सर, हैं.’

मग जागेवर येऊन मी ते खरं करून टाकलं. कॉल सेंटरचं नाव घातलं. तारखेच्या रकान्यात कुठलीही तारीख चालायची. मी मार्चमधली टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. हेही लिहून ठेवते.

चार दिवसांनी वसतिगृहाच्या ट्रस्टींनी सगळ्यांना बोलावलं. यादी दाखवा, म्हणाले. मी मोबाइलवर पान उघडून समोर धरलं. आंटींनी वही उघडली. मोबाइलकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे. सीमाचा भाऊ उठला. ‘तीन महीने से लिखा था, और तू बैठी रही?’ त्याने आंटींचा प्लास्टरमधला हात पकडून पिरगळला. त्या खाली बसल्या. त्याने वही त्यांच्या तोंडावर मारली — एकदा, दोनदा, ओठ फुटेपर्यंत. कुणी लगेच अडवलं नाही. सगळ्यांना वाटत होतं, त्याचं बरोबर आहे. मी मोबाइल धरून उभी होते. स्क्रीन बंद व्हायला लागली की अंगठ्याने पुन्हा जागी करत होते.

सीमा वाचली. डाव्या कानाने ऐकू येत नाही, जबड्यात तार आहे. आंटींना काढून टाकलं; त्या सीतापूरला भावाकडे गेल्या. माझं इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आलं. बाबांनी ते लॅमिनेट करून आणलं.

मग एकदा आंटींचा फोन आला. त्यांनी डोळे तपासून घेतले होते — ते नाव आपल्याला दिसलं कसं नाही म्हणून. डॉक्टर म्हणाले, नजर ठीक आहे.

‘तो फिर दिमाग़ ही चला गया होगा, बेटा,’ त्या म्हणाल्या. ‘सामने लिखा था, और मुझे दिखा नहीं.’

मी त्यांना म्हणाले, ‘उम्र में हो जाता है, आंटी.’