आकडा टाकलेला दगड

१९६८ साली मी चाळीस वर्षांचा होतो. सोनगीरजवळच्या आमच्या वावरातून काळ्या दगडाची भिंतीसारखी रांग जाते. तिथं एक सरकारी साहेब हातोडी घेऊन आला. काळ्या दगडात अडकलेला गुलाबी तुकडा त्यानं दाखवला.

"भाऊ, हा खालचा खडक. फार फार जुना. लाव्ह्यानं वर आणला."

"मंग खाल खाण शे का?"

"खनिज असेलही. आम्ही फक्त बघतो."

मी तिसरीच शिकलो, पण फक्त बघणारा माणूस दगडावर पांढरा आकडा टाकत नाही, एवढं मला कळतं. वावर सरकारात जाणार, हे मी ओळखलं.

"खाल काहीबी ऱ्हावो, वावर मनं शे," मी म्हणालो.

साहेब हसला. उद्या येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो यायच्या आत, मी त्या आकड्यावर शेंदूर फासला, नारळ फोडला आणि चपला लांब काढून दगडापुढं बसलो.