बोली शिकणारी मुलगी

शहापूरच्या एसटी स्टँडवर मी मुरबाडच्या गाडीची वाट बघत होतो. पाऊस धो धो कोसळत होता. शेजारी त्याच गाडीसाठी बसलेली मुलगी मुंबईच्या कॉलेजातून म्हशाजवळच्या आपल्या वाडीवर निघाली होती. काय शिकतेस, असं मी सहज विचारलं.

"भाषाशास्त्र. आमच्या बोलीचं व्याकरण मांडतेय."

कडेला प्लास्टिकखाली कंटोलीची रानभाजी विकणारी म्हातारी हसली. "आपली बोली शिकाया मुंबईला कशाला गेलीस गो?"

मुलगी रागावली नाही. ओढणीनं तोंड पुसत म्हणाली, "शाळेत आमी बोललो की सगळी हसायची, आजी. बाबा नर्सिंग कर म्हणत होते. पण मला दाखवायचंय, आमी चुकत नव्हतो."

इतक्या साध्या आवाजात एवढा निश्चय मी क्वचितच ऐकला होता.

म्हातारीनं वरचं प्लास्टिक सारखं केलं. मग म्हणाली, "माजी आय भात लावताना गानी म्हनायची. आता कुनाला येत नाय. मला येतान."

तेवढ्यात गाडी लागली. पुढची केव्हा येईल, याचा भरवसा नव्हता.

"तुम्ही व्हा पुढे," मुलगी मला म्हणाली.

खिडकीतून मागे पाहिलं. ती म्हातारीसमोर उकिडवी बसली होती. छत्री तिनं रेकॉर्डिंग चालू असलेल्या मोबाइलवर धरली होती, स्वतः भिजत होती, आणि म्हातारी डोळे मिटून गात होती.