मामाच्या सहीचा कागद

आमच्या सिहोऱ्याकडच्या सोयरिकी नदीपलीकडंही होतात, अन् पलीकडं म्हणजे मध्य प्रदेश. आमच्या घरी तर साटंलोटंच. माझी आई पलीकडची, अन् तिच्या भावाला माझी आत्या दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीनं मी जन्मले पलीकडं आणि आत्याची मुलगी आमच्या घरात. त्यांच्या गावी धड शाळा नव्हती, म्हणून पहिलीपासून ती आमच्याकडंच राहिली.

दोघी एकाच वर्षी कॉलेजात गेलो. हुशार ती, मी आपली ढकलपास. शिष्यवृत्तीचे फॉर्म निघाले तेव्हा कॉलेजच्या ऑफिसातल्या बाबूनं तिचा परत केला. बाप दुसऱ्या राज्यातला, म्हणून जमत नाही म्हणे. तिकडं विचारलं तर कॉलेज आमच्याकडचं नाही म्हणाले. बाबूला शेवटी दया आली. भाची लहानपणापासून माझ्याकडं राहते, असं मामानं, म्हणजे माझ्या बाबांनी, सही करून द्यावं, मग पाहू, म्हणाला.

"मामाले तूच म्हण," ती मला म्हणाली. "मले लाज वाटते."

आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. त्याच माणसापुढं हात पसरायचा, हे तिला जड जात होतं.

मी बाबांना विचारलंच नाही. चौकशी लागली तर माझा पलीकडचा जन्मदाखला निघेल अन् माझीही शिष्यवृत्ती जाईल, असं माझ्या मूर्ख डोक्यानं घेतलं. वडील इथले असल्यावर माझ्या जन्मगावाची कोणाला पडलेली नव्हती, हे फार उशिरा कळलं. तिला सांगितलं, "बाबा नाही म्हणतात."

दिवाळीला गावी गेली ती परतलीच नाही, अन् उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी शिकले, शिक्षिका झाले. बाबा दर सणाला विचारायचे, "भाची काहून येत नाही बाई?" मी म्हणायचे, संसारात गुंतली असेल.

मागच्या वर्षी बाबा गेले तेव्हा ती आली. सरळ त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं, म्हणून बाया कुजबुजल्या. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"मामा नाही म्हणाले, त्याचा मले कधी राग नाही आला," ती म्हणाली. "त्याईले तुझंबी पाहाचं होतं."

बाबा तिथंच होते, चादरीखाली. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तिचा हात धरला आणि "हो" म्हणाले.