हेमांगीचे थांबलेले पंखे

घराला आग लागली तर हेमांगी आम्हाला सांगेल का, ही काळजी ती चौथीत असल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. त्या वर्षी एकदा दूध उतू जाऊन गॅसवरून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर आलं आणि ही तिथेच पाटावर बसून पुस्तक वाचत होती. फरशीवरचं दूध पायाशी आलं तेव्हा तिने पाय वर घेतले. मी म्हटलं, "अगं, हाक तरी मारायची." ती म्हणाली, "वास आला असेल ना तुला."

ती काही लपवत नाही. तिला एखादी गोष्ट कळली की ती सगळ्यांना कळली, असं तिला मनापासून वाटतं. आता पंचवीस वर्षांची झाली, संगणकाची पदवी घेतली, पण यात फरक नाही. बारावीत असताना तिने घरातली सगळी बटणं नीट केली. पण ती करताना पाण्याच्या मोटारीचं बटण न्हाणीघराच्या दिव्याच्या जागी गेलं, हे कोणाला सांगितलं नाही. तिचे बाबा अंघोळीला शिरले की दिवा काही लागायचा नाही, म्हणून बटण चालूच ठेवून अंधारात अंघोळ करायचे, आणि वर टाकी भरून वाहायची. शेजारच्या गुलाबबाईंचे वाळत घातलेले उडदाचे पापड दोनदा भिजले. तिसऱ्यांदा त्या लाटणं हातात घेऊनच आल्या. हेमांगी शांतपणे म्हणाली, "बटणावर लिहिलंय की." खरंच लिहिलं होतं, पेन्सिलीने, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात.

तर ही हेमांगी आमच्या खांडबाऱ्याच्या घरात, पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर जोडते. आधी दुरुस्त्या करायची. शाळेचे, दवाखान्याचे, झेरॉक्सवाल्याचे. नवा कोरा, एकेक भाग आणून जोडलेला, गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर म्हणजे हा पहिलाच. गिऱ्हाईक नवापूरचे लोटनभाऊ. त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. भर मे महिन्यात हा माणूस गळ्यात मफलर गुंडाळून येतो. स्टुडिओतल्या एसीने घसा धरलाय म्हणतात. त्यांचा जुना कॉम्प्युटर पंखा बंद पडून तापला आणि जळाला. त्यात इतक्या लग्नांचे व्हिडिओ अडकले की एका जोडप्याने बारशाचं बोलावणं देतानाच लग्नाच्या व्हिडिओची आठवण करून दिली.

या कॉम्प्युटरवर हेमांगीचं बरंच काही अवलंबून होतं. तिचे बाबा, म्हणजे पितांबरराव, यांचे चुलतभाऊ धुडकूभाऊ यांची नवापूरजवळ पोल्ट्री आहे. ते वर्षभर मागे लागलेत की पोरीला आमच्या ऑफिसात बसवा, अंड्यांचा हिशोब बघेल. शेवटी घरात ठरलं, की लोटनभाऊंनी हा कॉम्प्युटर ठेवून घेतला तर हेमांगीने पुढची खोली चालवायची. परत आला तर एक तारखेपासून पोल्ट्री. हेमांगीला काय वाटतं, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हं." पण त्या रात्री ती जेवली नाही. भाजी वांग्याची होती, आणि वांगं तिला आवडतं.

सामान आणायला ती एकटीच गाडीने सुरतेला गेली आणि खोकी मांडीवर घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पुढच्या खोलीत, चालू कूलरसमोर, जोडणी सुरू. अंगातली वीज नाजूक भागांत जाऊ नये म्हणून ती दर वेळी आधी लोखंडी कपाटाला हात लावायची आणि मग कामाला. हे अर्थातच तिने कोणाला सांगितलं नाही. तिच्या बाबांना वाटलं, पोरगी कपाटाच्या पाया पडून काम करते, चांगलं वळण आहे. तेही येता-जाता कपाटाला हात लावून तो छातीला लावू लागले.

सगळं जोडून झालं. बटण दाबलं. पडद्यावर उजेड आला. पेटीतल्या तिन्ही पंख्यांनी एकेक गिरकी घेतली आणि ते थांबले.

हेमांगीने बंद करून पुन्हा लावला. पुन्हा एक गिरकी, पुन्हा थांबले. तिने वायरी काढून घातल्या. पंख्यांच्या जागा बदलल्या. एक पंखा बाहेर काढून वेगळ्या बॅटरीवर लावला, तर तो भिंगरीसारखा फिरला. पेटीत घातला की गप्प. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." मग पडद्यावरच्या एका आकड्याकडे बराच वेळ बघून तिने कपाळ पेटीला टेकलं.

तिच्या बाबांनी चष्मा लावला. "कंडेन्सर गया व्हई," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. आमच्याकडे फिरणारी कोणतीही वस्तू थांबली की कंडेन्सर गेलेला असतो. "आपला कूलर बी आसाच चालू व्हस. एक धक्का देवाना, बस." आमचा कूलर खरंच असा आहे. बटण लावायचं आणि जाळीतून काडी घालून पात्याला ढकलायचं, मग तो चालू होतो. त्यासाठी देवघरातली एक संपलेली अगरबत्तीची काडी कूलरवरच ठेवलेली असते. ती घेऊन ते पेटीकडे निघाले.

"बाबा," हेमांगी म्हणाली.

एवढंच म्हणाली, पण ते काडी घेऊन परत फिरले.

तेवढ्यात धुडकूभाऊ अंड्यांचा ट्रे घेऊन आले. आमच्याकडे आले की ते ट्रे आणतात आणि पोल्ट्रीची गोष्ट काढतात. "काय व वहिनी, घर एवढं गप कसं काय?"

"पंखा फिरी नही ऱ्हायनात," हे म्हणाले.

धुडकूभाऊंनी ट्रे माझ्या हातात दिला आणि पेटीपाशी गुडघ्यावर बसले. आजाऱ्याला बघावं तसे. "मंग दखी काय ऱ्हायनात? मन्हा शेडमा पंखा बंद पडना का कोंबड्या लगेच माना टाकी देतस. आधी येले गार करा."

कोंबड्यांचं उदाहरण मला पटायला नको होतं. मी बी. ए. झालेली बाई आहे. पण बाहेर चव्वेचाळीस डिग्री, लोटनभाऊ संध्याकाळी येणार, आणि पोरीचं तोंड उतरलेलं. मला पटलं. आम्ही कूलर ओढून अगदी पेटीच्या तोंडाशी आणला. मी त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि फ्रीजमधला सगळा बर्फ टाकला. धुडकूभाऊंनी खिडकीला ओलं गोणपाट टांगलं. ह्यांनी दार लावून घेतलं. गार वारा सगळा कॉम्प्युटरला, आणि आम्ही तिघं कूलरच्या मागच्या बाजूला, तो गरम हवा ओढतो तिथे, घाम पुसत बसलो.

पंखे फिरले नाहीत.

"बेटा, मन्हं ऐक," धुडकूभाऊ मऊ आवाजात म्हणाले. "ऑफिसमा ये. तठे खुर्ची शे, पंखा शे, अन तो फिरस बी."

हेमांगीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की घाम होता, मला कळलं नाही. इतक्यात लोटनभाऊंचा फोन आला. ते फोनवर एवढ्या मोठ्याने बोलतात की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "हेमाताई, मी निंघी ऱ्हायनू. मशीन तयार शे ना?"

"हं," म्हणून तिने फोन ठेवला.

मी देवघराकडे बघितलं. तेवढ्यात लाईट गेली.

कूलर घरघरत थांबला. कॉम्प्युटर मात्र चालूच राहिला, कारण तो इन्व्हर्टरवर होता. इन्व्हर्टरवर कूलर लावायचा नाही, हा आमच्या घरातला नियम मीच केलेला आहे. आता गार हवाही गेली. "आते गयं हाई," धुडकूभाऊ म्हणाले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मी खोक्याचं झाकण घेऊन पेटीला वारा घालायला लागले. ह्यांनी दुसरं झाकण घेतलं. धुडकूभाऊंनी टोपीनेच सुरुवात केली.

"आई, थांब," हेमांगी म्हणाली.

"अगं, तापतंय ते."

"थांबा सगळे."

आम्ही थांबलो. दार बंद, खिडकीला गोणपाट, वारा नाही. खोली तंदूर झाली. आम्ही चौघं त्या पेटीकडे बघत उभे होतो. थोड्या वेळाने आतून फर्र आवाज आला. एक पंखा फिरला. मग दुसरा. मग तिसरा, आणि तिन्ही असे फिरायला लागले की माझ्या पदराचं टोक हललं.

हेमांगीने पंख्यांकडे बघितलं, पडद्यावरच्या आकड्याकडे बघितलं, आणि मग कूलरकडे. ती हसायला लागली. पोट धरून, कपाटाला टेकून हसली. तिचे बाबा सवयीने कपाटाला हात लावून आले. काय झालं ते मात्र ती सांगेना. लाईट आल्यावर तिने कूलर पेटीकडे केला, काडीने ढकलून चालू केला. थोड्या वेळात पंखे थांबले. कूलर भिंतीकडे वळवला. पंखे सुरू झाले. पुन्हा तेच केलं, लहान मूल खेळतं तसं.

"अगं, सांगशील का काय ते?" मी म्हटलं.

"गार होतं म्हणून."

पुढचं मी एकेक वाक्य खेचून काढलं. सगळे भाग ज्यावर बसतात त्या नव्या बोर्डाची सोयच अशी आहे, की आत गार असेल तर पंखे थांबवायचे आणि तापलं की फिरवायचे. उगाच आवाज नको म्हणून. आम्ही त्याला सकाळपासून कूलरसमोर बसवलेलं, नंतर तर बर्फाचा वारा दिला. त्याला पंख्यांची गरजच पडली नाही. बाहेर एवढा उन्हाळा असताना पडद्यावरचा आकडा कमी दिसत होता, म्हणून हेमांगीला वाटलं ताप मोजणारा भागच बिघडलाय, बोर्ड खराब आलाय. आम्हाला त्यातला एक शब्दही बोलली नव्हती. बोलली असती तर मीच म्हटलं असतं, की अगं, आम्ही तिघं उकडतोय, गारवा सगळा त्या पेटीला मिळतोय, मग आकडा कमीच येणार.

"मी सांगेल व्हतं ना, येले गार करा," धुडकूभाऊ टोपी घालत म्हणाले. "व्हयनं ना गार." आणि सगळं श्रेय घेऊन, आमच्या उकडलेल्या खोलीत चहा पिऊन ते गेले.

लोटनभाऊ आले, मफलरसकट. तिन्ही पंखे जोरात फिरत होते. त्यांनी पेटीपुढे हात धरून वारा बघितला, मान डोलावली. मग पेटी गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला. "ताई, आज रातभर नुसतं चालू ठेवस," ते म्हणाले. "बाकी माले काही समजत नही. मी फक्त पंखा दखस, फिरस का नही. पंखा थांबना का मशीन सकाळे परत."

"हं," हेमांगी म्हणाली.

मी त्यांना कैरीचं पन्हं दिलं आणि दारापर्यंत सोडायला गेले. मनात पेढे वाटत होते.

आता सगळे झोपलेत. मी हे लिहायला बसले ते आनंदाने, की पोरीचा पहिला कॉम्प्युटर गिऱ्हाइकाकडे गेला, एवढं तरी कुठे नोंदवून ठेवावं. पण लिहिताना मफलरशी आले आणि माझा हात थांबला. पेन ठेवून मी हेमांगीला उठवलं.

"तू लोटनभाऊंना सांगितलंस का?"

"काय?"

"गार असलं की पंखे थांबतात ते."

"त्यात सांगायचं काय?" डोळे मिटूनच म्हणाली. "बरोबर चाललंय ते."

"हेमा, त्यांच्याकडे एसी आहे. मे महिन्यात मफलर घालतो तो माणूस."

तिने एक डोळा उघडला. मला वाटलं आता उठेल. "मग थांबतील," ती म्हणाली आणि कूस बदलली. "कळेल त्यांना."

कळणार नाही. तो बिचारा नवापुरात थंडगार खोलीत, गळ्यात मफलर घालून, थांबलेल्या तीन पंख्यांसमोर बसला असेल. एव्हाना त्याने पेटीला पुन्हा पट्टाही लावला असेल. आणि सकाळी धुडकूभाऊ ट्रे घेऊन येतील.

इतक्या रात्री परक्या माणसाला फोन करणं बरं दिसत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतील, सकाळी बघू. हेमांगीला कळलं तर म्हणेल, कशाला केलास. पण लग्नसराई आहे, लोटनभाऊ जागेच असणार, आणि आमच्या घरात कोणीतरी एकाने सांगायला हवं. मी चष्मा पुसला. त्यांचा नंबर हेमांगीच्या फोनमध्ये आहे, आणि फोन तिच्या उशाखाली.

हळूच काढते आणि लावते.