गल्लीच्या मधून गेलेली हद्द

आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्यांवर आमच्या घरातला गॅस बंद व्हायचा. अशा गल्लीच्या बरोबर मधून एका निवडणुकीआधी प्रभागाची हद्द गेली. नकाशावर ती कुणी आखली देव जाणे. त्यानं सोलापुरात कधी पाणी भरलेलं नसणार, एवढं मात्र मी पैजेवर सांगते.

समोर अक्का राहायच्या. तेलुगू बोलणारं, टॉवेलचे माग असलेलं घर. दुपारी माग थांबले की अक्का आमच्या ओट्यावर यायच्या, आणि आईबरोबर शेंगा फोडत बसायच्या. फोडलेल्यातल्या निम्म्या दोघींच्या पोटात जायच्या.

हद्द पडली आणि समोरच्या बाजूला नव्या टाकीची लाइन आली. आमची बाजू जुन्या टाकीवरच राहिली. सोलापुरात पाणी रोज नाही, काही दिवसांआड येतं. आता दोन्ही बाजूंचे दिवसही वेगळे झाले. लोक चिडले. आई आणि अक्कांनी मात्र त्यातून सोय काढली. त्यांचं पाणी आलं की अक्का गल्लीवरून पाइप आमच्या ओट्यावर टाकायच्या. आमचं आलं की आई त्यांच्याकडं टाकायची. कुणी कुणाला मागायचं नाही, पाइप आपोआप यायचा. त्या काळात पाण्याच्या दिवशीसुद्धा आई निवांत बसून चहा प्यायची.

मग समोरच्या बाजूच्या नगरसेवकाकडं हळदीकुंकू झालं. वाण देता देता कुणीतरी बोललं, की आपण आणलेलं पाणी पलीकडच्या मतदारांच्या हौदात जातंय. झालं, कुजबुज सुरू. पुढच्या पाण्याच्या दिवशी अक्का आल्या, त्या रिकाम्या हातानं.

"वैनी, आमच्या बाजूची मानसं बोलायलेत. थोडे दिवस राहू द्या की."

"व्हय, राहू द्या. तुमच्या पाण्यावाचून आमचं काय अडलं न्हाय," आई म्हणाली आणि आत गेली.

तिला लई लागलं होतं. ती रागावली की भांडत नाही, गप्प होते. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. आमचं पाणी आलं तेव्हा अक्का त्यांच्या दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "आई, टाक की पाइप."

"मागू दे, मग टाकते."

पण त्या दोघींत मागायची रीतच नव्हती. अक्का थोडा वेळ थांबल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

पुढच्या निवडणुकीआधी हद्द पुन्हा बदलली. ज्यांनी गल्ली चिरली त्यांनीच ती जोडली, वर नारळ फोडून फटाकेही लावले. अख्खी गल्ली एका प्रभागात, दोन्ही बाजूंना एकच लाइन. मला वेड्यासारखा आनंद झाला. वाटलं, आता सुटलं सगळं.

पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा दोघी आपापल्या नळाशी वाकल्या होत्या. मी आईला म्हटलं, "आता तर एकच प्रभाग झाला. जा की, बोल जाऊन."

तिनं भरलेली घागर बाजूला सरकवली आणि समोर पाहिलं. तिकडून अक्काही पाहत होत्या.

"काय घिऊन जाऊ?" आई म्हणाली. "आता तिच्याकडंबी आजच पाणी हाय."