नाना मास्तर आणि तलावातल्या पिसवा

नाना मास्तर गेल्याची बातमी मला शहाद्याच्या बाजारात कळली, तीही तीन दिवसांनी. आमच्याच गावचा गाडीवाला सरकीची पोती उतरवता उतरवता म्हणाला, तुमचा मास्तर हगवणीनं गेला. ‘तुमचा’ म्हणाला, ते मला लागलं. दोन वर्षं मी नानाच्या घरची पायरी चढलो नव्हतो.

लहानपणी आम्ही शाळेत शेजारी बसायचो. पुढे मी वडिलांची शेती धरली, तो त्याच शाळेत मास्तर झाला. त्याला नाद एकच, गावाखालचा मोठा तलाव. रोज सकाळी भिंग आणि काचेची बाटली घेऊन काठावर बसायचा. उन्हाळ्याच्या तोंडी पाण्यावर हिरवा रंग चढे, मग पाण्यात पिसवा, म्हणजे पिसवेसारखे उड्या घेणारे, जेमतेम डोळ्यांना दिसणारे किडे बुजबुजत आणि पंधरा दिवसांत तळ दिसू लागे. त्या पिसवा ती हिरवळ चरतात, हे त्यानं वर्षानुवर्षं बघून ठरवलं होतं. बाटली माझ्यापुढे धरून म्हणायचा, “भाऊ, त्या पानी नासाडी नही ऱ्हायनात, साफ करी ऱ्हायनात.” मी म्हणायचो, लोक गुरं राखतात, तू पिसवा राख. तो हसायचा.

मग एका वर्षी गावात नारूनं थैमान घातलं. घरटी एकाच्या तरी पायातून नारूचा दोरा निघत होता. पाण्यातल्या एका जातीच्या किड्याबरोबर नारू पोटात जातो, असं कुठल्याशा पत्रकात छापून आलं होतं आणि ते खरंही होतं. आमच्या आरोग्य कमिटीनं ठरवलं, किडे खाणारी माशांची पिल्लं तलावात सोडायची. मी कमिटीचा चिटणीस. सभेत नाना उभा राहिला. म्हणाला, मासे नारूचाच किडा वेचून खाणार नाहीत, सगळ्या पिसवा फस्त करतील. त्यापेक्षा हिराबेनच्या घरी जाऊन बघा. हिराबेन म्हणजे गावातल्या जैन वाण्याची विधवा. ती दुहेरी फडक्यानं पाणी गाळायची आणि अडकलेले जीव मरू नयेत म्हणून ते फडकं तलावाच्याच पाण्यात उलटं करून धुवायची. तिच्या घरात एकालाही नारू नव्हता. घराघरानं पाणी असं गाळावं, नारू झालेल्यानं तलावात उतरू नये, एवढंच नाना मागत होता.

कोणीतरी म्हणालं, मास्तर आता गावाला जैन करणार. सभा हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. रोजचं गाळणं घरोघर लावून वाईटपणा कोण घेणार? ठराव माझ्याच हातचा आहे. खरं सांगायचं तर माझ्या मळ्यात विहीर होती, तलावाचं काहीही झालं तरी मला झळ लागणार नव्हती.

मासे वाढले. नारू कमी झाला, हेही लिहिलं पाहिजे. कमिटीनं त्याची शेखी मिरवली. पण पुढच्या उन्हाळ्यात चढलेला हिरवा रंग उतरलाच नाही. पाणी दाट झालं, वास मारू लागलं, गुरं तोंड लावून मागे सरू लागली. ज्यांना विहीर नव्हती ते तेच पीत राहिले. नाना मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर मी भांडलो असतो, मोकळा झालो असतो... त्याऐवजी मी त्याची गल्लीच टाळू लागलो. मला स्वतःची चीड येते, आणि त्याच्या गप्प राहण्याचीही येते.

तेरावा उलटल्यावर गेलो. वहिनींनी घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी आणलं. पाणी नितळ होतं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “हाई नदीनं शे. भाऊ उना तर तळानं देऊ नको, त्याले वाईट वाटी, आसं त्या सांगी गयात.”

मी आलो तर तळ्याचं पाणी देऊ नको, मला वाईट वाटेल, असं नाना सांगून गेला होता. नदी दोन कोस लांब. वहिनींनी कोपऱ्यातलं वेगळं मडकं दाखवलं; माझ्यासाठी ते दोन वर्षं भरलेलं राहिलं होतं, शिळं झालं की पुन्हा ताजं.

मी विचारलं, आणि तुम्हा दोघांना?

“आमले तळानंच.”

तांब्या माझ्या हातात होता. त्या बघत होत्या, म्हणून मी तो संपवला.