अप्पांच्या खुर्चीची खोळ

रायापूरजवळ ट्रकनं स्कूटरला उडवलं तेव्हा अप्पा धारवाडहून दुकानाकडं परतत होते. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कॉलेज संपवून घरीच होते.

दुर्गदबैलाच्या बाजारात आमचं पडद्याच्या कापडाचं दुकान होतं. ते आता काका बघू लागले. अप्पा दवाखान्यातून आले ते चाकाच्या खुर्चीत, आणि बोलणं टाकून. जेवण विचारा, चहा विचारा, "साकु," म्हणायचे. म्हणजे पुरे. आईशी सगळा जन्म मराठीत बोललेला माणूस, आता तिच्याशीही तेवढा एकच कन्नड शब्द.

पडून पडून माकडहाडापाशी जखम दवाखान्यातच झाली होती. खुर्चीची बैठक रेक्झिनची, उन्हाळ्यात घामानं चिकटायची. जखम बघायला आलेल्या डॉक्टरांनी आईला बजावलं, "जाड फोम घाला, वर सुती खोळ. पण ताठ बसली पाहिजे. सुरकुती कातडी कापते, आणि यांना कळणारही नाही."

काकांनी दुकानातून कापड पाठवलं. फिकट पिवळ्यावर मोठी निळी कमळं. मी ते भिजवून वाळवलं, म्हणजे पुढं आटायला नको. खुर्चीच्या बैठकीवर वर्तमानपत्र ठेवून माप घेतलं, फोम कापला. वरचा तुकडा, खालचा तुकडा, चारी बाजूंनी पट्टी, मागं चेन. कडेला गोट लावला नाही. मांडीखाली रुतला असता. खोळ फोमपेक्षा जराशी लहानच बेतली. फोम दाबून आत कोंबताना बोटं दुखली, पण बसली तेव्हा ढोलकीसारखी ताठ बसली.

अप्पांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डोळे मिटून तळहात फिरवायला सुरुवात केली. दुकानात नवा गठ्ठा आला की असाच फिरवायचे. अंगाला कळत नव्हतं ते हाताला विचारत होते. पुढच्या कोपऱ्यावर हात थांबला.

"इथं वळी आहे. उसव."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. कितीतरी दिवसांनी त्यांचं वाक्य ऐकलं होतं आम्ही.

मी कोपरा उसवला, आत दुमडलेल्या कापडाला कात्रीनं बारीक चिरा दिल्या, पुन्हा टीप मारली. आता वळी नव्हती. अप्पांनी डोळे उघडले आणि खोळ दूर धरून बघितली.

"फूल कापलंस की गं. निम्मं वर आहे, उरलेलं कुठंच नाही. मधोमध धरायचं असतं."

"अप्पा, त्यावर तुम्ही बसणार. फूल कोण बघतंय?"

"मी उठलो की दिसतं की."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि परत आत गेली. आम्ही पलंगावर उचलून ठेवू तेव्हा, असं त्यांना म्हणायचं होतं, की ते खरंच उठून उभे राहतील तेव्हा, हे मी विचारलं नाही. उरलेल्या कापडातून वरचा तुकडा नव्यानं कापला, या वेळी कमळ मधोमध धरून. ते जवळ बसून बघत होते. "दोरा सैल आहे," म्हणाले. "पट्टीवरची देठं वरच्या फुलाला जुळव." पुढं काही दिवस ते बोलत राहिले. दुकानात कुठला माल संपला असेल, कोण गिऱ्हाईक येऊन गेलं असेल. आईला वाटलं, माणूस परत आला.

जखम मात्र भरली नाही. वरून लहान दिसायची, आत खोल गेली होती. पावसाळ्यात ताप सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, आता बसवूच नका, कुशीवर ठेवा, कूस बदलत राहा. खुर्ची व्हरांड्यात गेली. अप्पा पुन्हा गप्प झाले. ड्रेसिंग करताना मी विचारायचे, "दुखतंय?" आणि मग आठवायचं की तिथं काही दुखत नाही.

एका दुपारी आम्ही त्यांना भिंतीकडं वळवलं आणि पाठीशी बसून राहिलो. मी वारा घालत होते. थोड्या वेळानं आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"गार लागायलीय," ती म्हणाली. "घाम सुटला बघ. ताप उतरायलाय."

मीही हात लावला, आणि मलाही तसंच वाटलं; ते गेले होते हे कूस बदलायला वळवलं तेव्हा कळलं. आई देवापुढं दिवा लावायला उठली. मी वारा घालत राहिले.